तिसरा उद्गार

बाई आत आल्या आणि मी उभा राहिलो. नुसता उभा राहिलो असतो तर निभावून गेलं असतं, पण तोंडातून, शाळेत निघायचा तसाच लांबण लावून, "सलाऽऽम बाई" असा सूरही निघाला. माझ्यामागोमाग सगळे पंच खुर्च्या मागं सारत उठले. जिंतूरच्या आमच्या चर्चमधली ती बैठक नेमकी कशासाठी, तर यापुढं बाईंनी मंडळीत शिकवू नये, हे त्यांना सांगण्यासाठी. आणि थोड्याच वेळापूर्वी मीच, सेक्रेटरी या नात्यानं, सगळ्यांना बजावलं होतं की बाई आल्या तरी कुणी उठायचं नाही, विषय गंभीर आहे. एकटे नवे पाळकसाहेब बसून होते. ते बाहेरगावचे. पण सगळे उभे दिसल्यावर तेही बिचारे अर्धवट उठले. बाईंनी सवयीनं हात खाली केला. "बसा रे." आम्ही बसलो. पाळकसाहेबही बसले.

तो हात आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होता. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, रोज एस.टी.नं चारठाण्याकडं जायच्या आणि रविवारी चर्चच्या ओट्यावर आमची शब्बाथशाळा घ्यायच्या. लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "एवढी लेकरं सांभाळायलेय, त्यात आणखी एक कशाला?" पुढं त्या लेकरांतला कुणी तलाठी झाला, कुणी ट्रॅक्टरचं गॅरेज टाकलं, मी पंचायत समितीत लिपिक होऊन टेबलामागं अंगानं सुटलो. बाईंच्या लेखी कुणाचंही वय वाढलं नाही. टक्कल पडलेल्या माणसाला त्या भर बाजारात थांबवून विचारायच्या, "नखं कापलीस का रे?" आणि तो माणूस हात मागं घ्यायचा.

बायबलचं वचन पाठ केलं म्हणून बाई कधी खूश झाल्या नाहीत. आम्ही एका दमात घडाघडा म्हणून टाकायचो आणि शाबासकीसाठी तोंड वर करायचो. बाई शांतपणे म्हणायच्या, "छान. म्हंजे काय?" मग सगळे पायाचा अंगठा ओट्यावर घासायचे. "पोपटाला पण येतंय. म्हंजे काय ते सांग." या दोन शब्दांनी माझ्या लहानपणाचे कितीतरी रविवार खराब केले. जुने पाळक परभणीहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी उपासनेतला संदेश बाईच द्यायच्या, आणि त्यात गैर काही आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हातारे पाळक तर हसून म्हणायचे, "पगार मी घेतो, काम बाई करतात."

नवे पाळकसाहेब आले ते कायमचे राहायला. माणूस चांगला, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं पाप त्यांच्या डोक्यावर टाकून मोकळे व्हाल. मीही बरेच दिवस तेच करून पाहिलं. उपास करायचे, आजाऱ्याला स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. पण ते ज्या बायबल कॉलेजात शिकले, तिथं बाईमाणसानं पुरुषांना शास्त्र शिकवणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं असं पक्कं शिकवलेलं. पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पत्र उघडून त्यांनी बैठकीत आम्हाला दाखवलं. बायकांतल्याही काही जणी म्हणाल्याच होत्या, "शास्त्रात हाय तर हाय, आपण कोण बदलणारे?"

बाईंनी चष्मा पुसला. "लिहिलंय, खरं हाय. म्हंजे काय?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, जे लिहिलंय तेच."

"मग प्रभू मेलेल्यांतून उठल्याची बातमी पहिल्यांदा कुणाला सांगायला लावली? बायकांनाच ना? पुरुष तवा दार लावून आत बसले होते."

"बातमी सांगणं वेगळं, बाई. शिकवणं वेगळं."

बाईंनी आमच्याकडं पाहिलं. वर्गात उत्तर येत असणाऱ्या पोराकडं पाहावं तसं, एकेकाकडं. मी इतिवृत्तात मान घातली. अखेर तोडगा निघाला की बाईंनी बायकांना आणि लहान मुलांना शिकवावं. मग प्रश्न आला, मुलगा पुरुष कधी होतो? यावर आम्ही इतकी गंभीर चर्चा केली की आता आठवलं तरी कान गरम होतात. कुणी म्हणालं बारा वर्षं, कुणी म्हणालं दहावीपर्यंत. आमचे दानिएलकाका, वयानं सगळ्यांत थोर, वैतागून म्हणाले, "मिसरूड फुटंपर्यंत ठेवा अन् संपवा एकदाचं!" सगळे हसले. बाईही हसल्या. बारा वर्षं ठरलं. हात वर करा म्हटल्यावर आम्ही केले; हात कसा सरळ वर करायचा तेही आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडं प्रभूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. भर उन्हाची दुपार, वर पत्रे, अंगावर पांढरे कपडे. तिसरा उद्गार वर्षानुवर्षं बाईंचा. मरता मरता प्रभूनं आईला शिष्याच्या आणि शिष्याला आईच्या हवाली केलं, तो. बाकीच्या सहांच्या वेळी लोक घाम पुसायला, पाणी प्यायला बाहेर जाऊन येत. तिसऱ्याला कुणी हलत नसे. मागच्या वर्षी सात पुरुष हवे झाले, आणि सहा जमल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तिसरा तुम्ही घ्या." नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं" म्हणालो. माझं तोंड सरकारी नोकरीत तयार झालेलं आहे.

आठवडाभर यूट्यूबवर संदेश ऐकले. एक उपदेशक असा ओरडायचा की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणाचं भांडण चालू हाय?" काही सुचेना. शेवटी जे कुणीही केलं नसतं ते मी केलं. तिसऱ्या उद्गारावर काय बोलावं, हे विचारायला बाईंच्याच घरी गेलो.

बाईंनी गवती चहा टाकला. विषय ऐकला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. गाळणी मात्र त्यांनी दोनदा धुतली. मग समोर बसल्या. "बोल. तुला काय कळलंय?"

"मुलानं आईची सोय केली."

"म्हंजे काय?"

मी कप बशीत फिरवला.

"अरे, आधी कुणाशी बोलला तो? आईशी. शिष्याशी नंतर. लोक म्हणतात म्हातारीची सोय लावली. सोय न्हाई रे, काम दिलं तिला. डोळ्यांपुढं लेक चाललाय, अन् तो म्हणतो, हे एक लेकरू घे, सांभाळ. तिला रडत बसायला मोकळी सोडलीच न्हाई."

मी खिशातून कागद काढला. "लिहू नको," बाई म्हणाल्या, "कागदात बघून बोललं की लोक पंख्याकडं बघत्यात. अन् आईला हाक मारली की जरा थांब. तिचं तोंड दिसू दे लोकांना."

मला राहवलं नाही. "बाई, हे तुमीच बोलायला पाहिजे होतं."

"हे बैठकीत म्हणायचं होतं," बाई म्हणाल्या. रागावून नाही, गणितात हातचा विसरलेल्या पोराला दाखवावा, तशा. "चहा घे. निवतोय."

शुक्रवारी मी उभा राहिलो आणि बाईंचं बोलणं बोललो. शब्दन् शब्द. मधे एकदा, आईला काम दिलं त्याच्या पुढं, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. पत्र्याकडं पाहिलं, टाय सैल केला, कसंबसं पुढचं सापडलं. तेव्हाही कुणी पाणी प्यायला उठलं नव्हतं. बाहेर आल्यावर दानिएलकाकांनी पाठ थोपटली. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. डोळे भरले होते त्यांचे, खरंच. "देवानं तुम्हाला वाणी दिलीय. हे कुठून सुचलं हो?"

बाई दोन हातांच्या अंतरावर चपला शोधत होत्या. मी म्हणालो, "प्रभूची कृपा." एवढं मोठं नाव घेतलं की खालची नावं घ्यावी लागत नाहीत. बाईंनी ऐकलं असावं. जाताना म्हणाल्या, "शेवटी घाई केलीस," आणि छत्री उघडून उन्हात चालू लागल्या.

मे महिन्यात त्या सोनपेठला भाचीकडं राहायला गेल्या. गुडघे चालत नाहीत, भाची ऐकत नाही, असं कारण सांगितलं. मंडळीनं ते फार लवकर मान्य केलं. निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही पुरुष त्यांच्याबद्दल भरभरून बोललो, शाल घातली. सत्कारमूर्तीचं मनोगत कार्यक्रमपत्रिकेत ठेवायचं राहून गेलं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पत्रिका मीच केली होती. बसस्टँडवर बाया आणि पोरं रडत होती. मी बॅग वर चढवली, सीट पुसली. बाईंनी खिडकीतून हात खाली केला, जणू मी उभा राहिलो होतो ते पुरे झालं. बस निघाली.

घरी येताना मी बायकोला म्हणालो, "चिडल्या न्हाईत गं त्या. उलट किती मन लावून ऐकलं त्या शुक्रवारी माझं."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "त्यांनी सांगू नको म्हटल्तं, पण आता गेल्या त्या. मी शेजारीच बसल्ते. तुमी बोलायला लागल्यापासून त्यांचे ओठ हलायलते. अन् तुमी मधे अडकलात ना, तवा त्या पुढं गेल्या न्हाईत. थांबल्या, तुमी येईपर्यंत."