वकीलकाकायची रेकॉर्ड मी हळू लावली

मंडळी, आज मी नाई करायचं ते केलं.

आमच्या बाजूले वकीलकाका राह्यतेत. त्यायचा पोरगा वकिली सोडून मुंबईले गेला, पियानो अन् व्हायोलिनचं संगीत रचते. तीन वर्षं बापलेकाचं बोलनं बंद. आज त्याची पहिली रेकॉर्ड टपालानं आली.

काका सुपारी कातरत म्हनाले, "लाव बे, पाहू या उतावळ्यानं काय दिवे लावले."

मी गंमत म्हनून रेकॉर्ड प्लेअरचा वेगाचा खटका मिनिटाले तेहतीस फेऱ्यायवरून सोळावर सरकवला. म्हटलं, म्हशीवानी आवाज येईन, हसू.

पन पियानोचा एकेक सूर दमानं उतरून राहिला होता. व्हायोलिनं तर गाभाऱ्यातून आल्यावानी. काकायचा अडकित्ता थांबला.

"एवढा शांत कवा झाला रे हा?" म्हनाले, अन् मलेच तारघरात धाडलं. तारेत दोनच शब्द, "घरी ये."

तार करून आलो मी. आता तो येईन, स्वतःची रेकॉर्ड ऐकन, अन् पहिल्याच सुराले समजन. खटका जागेवर नेला, तर काका म्हनतीन, हा तर तसाच उतावळा हाय.

तुमी काय केलं असतं? मले सांगा. पन हात जोडतो, काकायले कोनी सांगू नका.