लाईट बघण्यापुरता नवरदेव

आयुष्यात मूर्खपणा मी भरपूर केला, पण त्यातला बराचसा घरातल्या घरात जिरला. एक मात्र जिरला नाही. नवा नवा कॉम्प्युटर शिकले होते, आणि त्या भरात मी एका मुलीचे तिच्या वडिलांबरोबरचे फोटो कायमचे पुसून टाकले. चुकून बटण दाबलं गेलं असं म्हणायचीही सोय नाही. चष्मा लावून, नीट बघून, एकेक करून पुसले आणि वर ह्यांना म्हटलं, "बघा, कॅमेऱ्याचं कार्ड कसं लख्ख केलं!"

पन्नाशी उलटली होती माझी तेव्हा. पण नवीन यंत्र हाताला लागलेल्या बाईला वय विचारू नये, ती सोळाच वर्षांची असते. कर्जतला आमचा फोटो स्टुडिओ. फोटो काढायचे आमचे हे. मी नवऱ्यामुलींच्या पदराला पिना लावायची, घाम टिपायची, "हनुवटी खाली घे गं बाय" करायची. मग ह्यांचे गुडघे गेले, नजर मंदावली, आणि त्याच सुमारास लग्नाआधी फोटो काढायची साथ आली. साथच ती. ठाण्या-पुण्याची जोडपी आमच्या नदीकाठी, भाताच्या बांधावर, कशेळ्याकडच्या माळावर येऊन एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहायला लागली. वाटेने जाणाऱ्या बाया डोक्यावरचा भारा तसाच धरून बघत थांबायच्या.

"काय गं, पिच्चर हाय का?"

"नाय, लगीन हाय."

"मंग भटजी कुठं हाय?"



तर असा कॅमेरा ह्यांच्या गळ्यातून माझ्या गळ्यात आला, आणि गळ्यातून थेट डोक्यात गेला. जीन्सची पँट तेवढी घालायची राहिली. साडीवर पांढरे स्पोर्ट्सचे बूट घालून मी नदीच्या दगडांवर चढायची आणि जोडप्यांवर ओरडायची. कुणी फोटोग्राफर मॅडम म्हटलं की घरी आल्यावर दोन दिवस भांडी घासायला माझा हात उचलत नसे.

आमच्या कामात लाईट बघणं म्हणून एक प्रकार असतो. जोडपं नटून येईपर्यंत ऊन सरकतं. म्हणून आधी त्याच जागी दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचं, दोन-चार फोटो काढायचे, सावली कुठे पडते ते बघायचं. मग ते फोटो पुसून टाकायचे. आधी दुसऱ्याला उभं करून बघायची ही ह्यांची माथेरानपासूनची पद्धत. आमचं लग्न झालं तेव्हा हे माथेरानला पॉइंटांवर हनिमूनच्या जोडप्यांचे फोटो काढत. त्यामुळे माझा हनिमून म्हणजे ह्यांच्या मागून बॅग धरून दुसऱ्यांच्या हनिमूनला जाणं. हे म्हणायचे, "उभी राहा गं तिकडं, लाईट बघतो." मी आपली दरीकडे पाठ करून, घोड्याच्या लिदीतून साडी सांभाळत, केस सारखे करून, चांगले दात दाखवून उभी राहायची. मला वाटायचं, माझा फोटो निघतोय. रोल महाग म्हणून हे खटका दाबतच नव्हते, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. आठवडाभर अबोला धरला होता मी. म्हणजे लाईट बघायला उभा केलेला माणूससुद्धा फोटोसाठीच हसतो, हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर मला. पण बूट पांढरे झाले की माणूस विसरतो.

ती मुलगी मोहोपाड्याची. वडील तिकडच्या केमिकलच्या कंपनीत, तिथल्याच कॉलनीत घर. मुलगा पुण्याचा. साखरपुडा झालेला आणि लग्न माघात धरलेलं. दिवाळी नुकतीच संपली होती, खाचरांत भाताची धसकटं उरलेली आणि नदीचं पाणी निवळ झालेलं. लग्नाआधी पोरीला एकटी कशी पाठवायची, म्हणून आईने वडिलांना बरोबर धाडलं होतं. राखणीला. ते बिचारे डब्याची पिशवी मांडीवर घेऊन करंजाच्या झाडाखाली बसले, आणि आपण इथे आहोत याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून ओशाळं हसत राहिले.

मुलगी तयार झाली. लांब लाल झगा, त्याचं शेपूट धरायलाच एक माणूस हवा. आणि नवरदेवाचा फोन आला की घाटात अडकलोय, पुढे कंटेनर आडवा झालाय. ऊन डोंगराकडे कलायला लागलं. मुलगी सारखी फोनमध्ये बघून रडवेली व्हायला लागली, तसा मी फोन काढून घेतला आणि माझ्या पिशवीत टाकला. हा माझा नियमच होता. फोटोच्या वेळी फोन जप्त. माझे नियम फार होते तेव्हा.

दोघांचे कपडे एकाच दुकानातून भाड्याने आणलेले, त्यामुळे नवरदेवाचा काळा कोट तिच्याच बॅगेत होता. लाल झग्याशेजारी काळा कोट असला की लाईट वेगळी बघावी लागते. मी करंजाखाली हाक मारली.

"काका, जरा इकडं या. लाईट बघायची हाय."

"मी? मी काय करू?"

"नवरदेव व्हा."

"अवो बाई, त्ये काम येकदा केलं, आजून निस्तरतोय."

मुलगी खुदकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिने स्वतःच त्यांना कोट चढवला. आत कंपनीत घालायचा शर्ट, त्याच्या खिशात पेन, पायांत कंपनीचे जड बूट. कोट त्या सडपातळ पोराच्या मापाचा.

"बाबा, बटण लागत नाय."

"लागंल, थांब. श्वास घिऊ दे."

"घेऊ नका, सोडा!"

पोझ अशी होती की त्याने पुढे उभं राहायचं, तिने मागून मिठी मारून पाठीवर गाल टेकायचा आणि डोळे मिटायचे. तेव्हा सगळ्या जोडप्यांना तीच पोझ हवी असायची. बाप-लेक तसे उभे राहिले. मी दगडावरून ओरडतेय, "काका, हात काय लोंबकळत ठेवलेत, एक खिशात घाला! ताई, डोळे मीट. हसू नको, प्रेमात आहेस तू!" ती म्हणतेय, "बाबा, हलू नका," आणि ते म्हणतायत, "मी नाय हलत, तूच हसतीस." मी खटके दाबले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सावली बघितली, नाकाखाली जरा काळं पडत होतं, म्हणून दोघांना हातभर डावीकडे सरकवलं. परत दाबले. लाईट झकास होती.

मग धुरळा उडवत गाडी आली आणि नवरदेव धापा टाकत उतरला. वडिलांनी कोट काढला, हाताने झटकला, बाह्या सरळ केल्या आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या जावईबापू, गरम करून ठेवलाय."

आणि परत करंजाखाली जाऊन बसले. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. जाताना त्यांनी मला डब्यातली शंकरपाळी दिली, तीही मी चालता चालता खाल्ली.

संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसले. सावलीचे पुसले, चुकून डोळे मिटलेले पुसले, आणि लाईट बघायला काढलेले पुसले. कोटाला सुरकुत्या पडल्या होत्या आणि मुलगी हसताना हललेली होती. मी मनात म्हटलंसुद्धा, हे काय फोटो आहेत! आता माझ्या फोनमध्ये जागा उरलेली नाही, नात ओरडत असते, "आजी, हा तर नुसता कुणाचा तरी कोपर आहे, उडव ना." मी उडवत नाही. कुणाचा कोपर आहे ते मला माहीत असतं.

पौषात ते वडील गेले. ड्यूटी संपवून कॉलनीच्या बसने घरी येताना छातीत दुखलं, उतरेपर्यंत सगळं संपलेलं. लग्न पुढे गेलं. आम्हाला कळलं ते दिवसकार्य उरकून मुलगी स्टुडिओत आली तेव्हा. एकटीच आली होती. लाल झग्यातली ती हीच, हे ओळखायला मला वेळ लागला.

"काकू, बाबांचे कोटातले फोटो द्या ना," ती म्हणाली. "घरी कंपनीच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ते कुणाचेच वाटत नाहीत. कोटातले बघितलेही नाहीत मी अजून. आईला सांगितलं, तर म्हणाली, तुझा बाप आणि कोट? तिचा विश्वासच बसत नाही."

मी काय करावं? मी म्हटलं, "हो हो, असतील की, शोधून ठेवते." हे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. कार्ड लख्ख केल्याचं मीच तर ऐकवलं होतं.

ती गेल्यावर हे गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि पनवेलला एका माणसाकडे कार्ड घेऊन गेले. पुसलेलं परत काढून देतो म्हणे तो. पण त्या कार्डावर मधल्या काळात आम्ही तीन-चार लग्नं उतरवली होती. परत आले ते फक्त त्याच लग्नांचे तुकडे. हे पायरीवर चपला काढताना म्हणाले, "कुणाकुणाच्या पंगती परत आल्या, जिलेब्या परत आल्या. मानूस नाय आला." मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तांब्याभर पाणी मागितलं.

मुलगी पुन्हा आली. मी तयारी करून ठेवली होती, कॉम्प्युटर बिघडला, व्हायरस आला, असं काहीबाही. पण तिने येताना एक चौकट आणली होती. लाकडी, रिकामी. ती टेबलावर ठेवल्यावर माझी व्हायरसची गोष्ट तोंडातच राहिली.

"मी पुसले ते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"त्याच दिवशी. लाईट बघायचे होते ते. चांगले आले नव्हते म्हणून पुसले."

"काय चांगलं आलं नव्हतं?"

"कोटाला सुरकुत्या होत्या. तू हसत होतीस, हललेली आलीस."

ती चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत बसली. मला वाटलं आता ओरडेल. ओरड बाई, मी मनात म्हणत होते. पण ती म्हणाली, "काकू, मी मागे होते. डोळे मिटलेले होते, तुम्हीच मिटायला लावले होते. बाबांचं तोंड फक्त तुम्ही बघितलंत. कसे दिसत होते ते?"

"छान दिसत होते. हसत होते."

ही आमची धंद्यातली वाक्यं. हजार नवऱ्यामुलींना म्हटलेली.

"असं नको," ती म्हणाली. "खरं सांगा."

मी डोळे मिटले. पहिल्यांदा काय आठवावं, तर नाकाखालची सावली. लाज वाटली मला. मी त्या माणसाकडे बघितलं होतं आणि फक्त ऊन बघितलं होतं. पण थोडं थांबले, तसं हळूहळू एकेक पुढे यायला लागलं. खिशातलं निळ्या टोपणाचं पेन. एक हात माझ्या ओरडण्यामुळे खिशात, आणि दुसरा पोटावर आलेल्या तिच्या हातांवर.

"थोपटत होते," मी म्हटलं. "पोराला निजवताना थोपटतात तसं."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते कळत होतं. तोंड सांगा."

"गाल फुगले होते. कोटाचं बटण तुटू नये म्हणून पोट आत घेतलं होतं आणि श्वास धरून ठेवला होता. त्यामुळे तोंड लाल झालेलं. हसू येत होतं, पण हसले असते तर बटण गेलं असतं, म्हणून ओठ घट्ट मिटले होते. फक्त डोळे हसत होते. आणि माझ्याकडे बघतच नव्हते. रस्त्याकडे बघत होते."

"गाडी येते का ते?"

"हो. आता, लवकर यावी असं वाटत होतं की इतक्यात येऊ नये असं, ते काही मला सांगता यायचं नाही गं."

ती हसायला लागली. तोंडावर ओढणी दाबून हसली, आणि हसता हसता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले. हे खुर्चीतून उठले आणि दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते मला कळेना. मुलींच्या पाठीवरचा पदर सारखा करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि तेव्हा हात पुढे होईना.

बऱ्याच वेळाने तिने ओढणीने नाक पुसलं, रिकामी चौकट मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू, परत एकदा सांगा ना. आता हळू सांगा."