सुईणीचं सर्टिफिकेट

"नखं बघा, बाई."

भेटलं की मावशी आधी दोन्ही हात माझ्यापुढे पसरायच्या. मग रामराम. पंचाहत्तर सालाच्या आसपास मी कळमनुरीच्या दवाखान्यात नर्स होते. गावोगावच्या सुइणींना शिकवायचं, परीक्षा घ्यायची आणि पास झाली की सर्टिफिकेट आणि ब्लेड-दोऱ्याची पेटी द्यायची, हे माझं काम. मावशी डोंगरकड्याकडच्या जुन्या सुईण. पहिल्या दिवशी मलाच सुनावलं, "तुमी जल्मायच्या आधीपासून बाळंतपणं करून राहिले मी."

मग धनुर्वाताचा धडा आला. मळक्या विळ्यानं नाळ कापली की बाळाचा जबडा आवळतो, ते दूध ओढत नाही आणि आठवड्याच्या आत जातं. गावात म्हणायचे, सटवाईनं नेलं. बाकीच्या बाया माना डोलवत होत्या. मावशींनी हात पदराखाली घेतले.

"मागं गेलेली लेकरं बी अशीच गेली व्हय, बाई?"

मी होय म्हटलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

परीक्षेत पहिल्या आल्या. पहिला नंबर काढून सुतकी चेहऱ्यानं बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे? मला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि थोडी भीतीही.

पुढे त्यांच्याच गावात एका बाळंतपणाला मी सोबत होते. तिथे घरच्याच विळ्यानं नाळ कापायचे आणि पाचवीला तोच पुजायचे. मावशींनी उकळलेलं ब्लेड काढलं, तशी घरची म्हातारी विळा घेऊन आडवी आली.

"ह्याच इळ्यानं माझी समदी पोरं झाली. काहून बदलायचा?"

"ह्याच इळ्यानं तुमचा पयला नातू गेला," मावशी म्हणाल्या. "सटवाईनं न्हाई नेला. नाळ मीच कापली व्हती."

अंगणातल्या बाप्यांनीही ते ऐकलं. म्हातारीनं विळा खाली ठेवला. नाळ ब्लेडनं कापली आणि ते पोरगं जगलं. मी भोळी, मला वाटलं आपण जिंकलो.

पण मावशींचं बोलणं घरोघर गेलं आणि ज्याचं त्याचं गेलेलं लेकरू ज्याला त्याला आठवलं. भांडायला कुणीच आलं नाही, बाळंतपणाला बोलवायलाही नाही. एका सकाळी मावशींच्या उंबऱ्यावर कुणीतरी आपल्या घरचा, नाळ कापायचा झिजलेला विळा ठेवून गेलं. मग दुसरा. मावशी ते उचलून कोपऱ्यात रचून ठेवायच्या.

मावशींकडे शेवटची गेले तेव्हा समोरच्या घरात बाई अडली होती. मावशींनी चुलीवर पाणी ठेवलेलं, पेटी उघडलेली. बोलावणं येत नव्हतं. शेजारच्या गावची सुईण आणली होती.

"तुमी जा, बाई. तुमाला आत घेतील," असं म्हणत त्यांनी पेटी माझ्या हातात कोंबली.

मी धावले. पोचले तेव्हा बाळ रडत होतं आणि ती दुसरी सुईण विळा पदराला पुसत होती.

परत आले. मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उकळतं पाणी तसंच पेटत्या चुलीत ओतलं.