कपिलधार राहिली, चौसाळ्याजवळची ग्रामसभा पाहिली

मला खरं तर कपिलधारचा धबधबा बघायचा होता. विकासला कळवलं, तर म्हणाला, "मुक्कामाला आमच्याकडंच ये. पण सोमवारी सकाळी मला ग्रामसभा हाय." ग्रामसभेला कुणी मुद्दाम जातं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी बॅग तशी भरलेलीच असते. निघालो.

विकास म्हणजे चाकणचा माझा रूम पार्टनर. मी नोकऱ्या सोडत गेलो, तो गावी परतला. त्याचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत.

पुण्याहून बाईकवर नगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा असं करत मांजरसुंबा. रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला आहे, पण घाट उजेडातच पार करा. आष्टीत चहाला थांबलो तर बाजार भरलेला. एक मेंढपाळ आणि एक गिऱ्हाईक बोकडाच्या दातांवरून भांडत होते, ते ऐकण्यात माझी दुपार गेली. बोकड शेवटी विकला गेलाच नाही. पुढं रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या. घ्या, पण डोळे उघडलेलीच घ्या. कच्ची बॅगेत पिकत नाहीत, काळी पडतात.

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर विकास वाट बघत होता. "कामून इतका उशीर रं?"

"बोकड बघत होतो."

"घेतलास का मग?"

शेवभाजी, भाकरी, ठेचा. शंभराच्या नोटेत पोट तुडुंब. जेवता जेवता त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. गावी परतल्यावर तो ऊसतोडीला गेला. मोळ्या वाहून कंबर मोडली की मुकादम अंगदुखीच्या गोळ्या वाटायचा. हंगाम संपला, गोळ्या संपल्या नाहीत. गोळी नसली की अंगाला कापरं, घाम, डोळ्याला डोळा नाही.

"आता सुटलो हाय," तो म्हणाला. "म्हंजे, दुसऱ्या गोळीवर हाय. डॉक्टरनं दिलेली, जुनीची तलफ मारणारी. सिस्टर रोज सकाळी समोर बसवून देती. जिभंखाली धरायची, विरघळंपर्यंत तोंड उघडायचं न्हाई. गिळली तर फुकट."

सिस्टरचं मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च आजवर एक संस्था द्यायची. तिची मुदत संपली. आता ग्रामपंचायतीनं स्वतःच्या निधीतून दिलं तर गोळी गावात मिळणार, नाहीतर रोज बीड. रोज बीडला जाणाऱ्याला ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून कोण ठेवेल?

"उन्हाळ्यात सिस्टर काही दिवस आल्या न्हाईत, तवा मी परत जुन्या गोळ्यांवर गेलतो," विकास म्हणाला. "आता गेलो तर ट्रॅक्टर बी जाईल अन् बायको बी."

सोमवारी सिस्टरची एसटी उशिरा आली. एरवी गोळ्या ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत देतात, लोक मागच्या दारानं येतात, कुणाला कळत नाही. त्या दिवशी तिथं गोळ्या जिभेखाली ठेवेपर्यंत पुढं ओट्यावर सभा सुरू झाली. "जावा, पण तोंड उघडू नका," सिस्टर म्हणाल्या. सगळे जाऊन गर्दीत बसले. मी लिंबाखाली, पाहुणा म्हणून.

सिस्टरच्या मानधनाचा विषय आला. सरपंचबाईंचे मिस्टर उठले. "सरपंचांचं म्हणणं असं हाय की..."

"मी आजून काई म्हनलेच न्हाई," बाई म्हणाल्या. मिस्टर खाली बसले.

मग गावातले एक ज्येष्ठ, तात्या, उठले. त्यांना त्याच निधीतून वेशीवर कमान हवी होती. "नशा करणाऱ्यावर गावाचा पैसा कशाला? अन् आपल्या गावात हाय कोण असलं? एक तरी माणूस असंल तर बोला."

कुणीच बोललं नाही. बोलणार कसं?

"बघा," तात्या म्हणाले. ग्रामसेवकानं नामंजूर लिहायला पेन उचललं. मी विकासकडं बघितलं, तो जमिनीकडं बघत होता.

मग तो उठला. त्यानं तोंड उघडलं आणि जीभ वर केली, रोज सिस्टरला दाखवतो तशी. अर्धी विरघळलेली पांढरी गोळी सगळ्या गावाला दिसली.

"मिट ते तोंड," मागून सिस्टर खेकसल्या. "वाया जाईल गोळी."

लोक हसले. विकासनं तोंड मिटलं आणि हात वर केला. मग शेवंताबाई उठल्या, आयुष्य ऊसतोडीत गेलेल्या. तोंडावर पदर, एक हात वर. त्यांच्यामागून आणखी हात. काही गोळी न घेणाऱ्यांचेही.

तात्या शेवंताबाईंकडं बघत राहिले. "वैनी, तुमी बी?"

त्यांनी नुसती मान डोलावली.

"लिव्हा," सरपंचबाई ग्रामसेवकाला म्हणाल्या. "सिस्टर चालू राहतील."

"बरं," तात्या खाली बसत म्हणाले. "पण कमान पुढच्या साली."

कपिलधार राहूनच गेली. विकासच्या आईनं भाकरी बांधून दिली, ती जामखेडच्या पुढं एका झाडाखाली खाल्ली आणि तिथंच गाढ झोपलो.

पुण्यात परतल्यावर विचार केला, तर बोकडाचा भाव आठवेना, रस्त्यावरचे खड्डेही आठवेनात, आठवला तो जीभ वर करून उभा विकास. काल विकासचा फोन आला. ट्रॅक्टरचा क्लच कसा खोलला, प्लेट कशी बदलली, कोणता बोल्ट अडकला, बोलतच सुटला. मला क्लचमधलं काही कळत नाही. मी सगळं ऐकलं, आणि तो थांबला तेव्हा विचारलं, "मग, बसला का शेवटी तो बोल्ट?"