होळी ते गणपती, कार्डिफमार्गे

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी लंडनला उतरले, तेव्हा विमानाच्या खिडकीबाहेर काहीच नव्हतं. आकाश नाही, जमीन नाही, नुसता दुधाळ करडा उजेड. पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बाईला देशाआधी ढगच दिसले, आणि खरं सांगायचं तर ते मला फार आवडले. तिथला माझा सगळा मुक्काम असा अर्धवट जागेपणीच गेला.

पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, किती राहणार? "साडेपाच महिने," मी ठणकावून सांगितलं. होळीनंतर निघायचं आणि गणपतीला घरी परतायचं, हे साताऱ्यात बसून ठरवलं होतं. होळी ते गणपती म्हणजे साडेपाच महिने, त्यात मोजायचं काय? तो म्हणाला, "एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने हं." मी मान डोलावली. हातात दोन वर्षांचा व्हिसा असला की असलं बोलणं कानावरून जातं.

माझी मुलगी मुग्धा आणि जावई निनाद कॉव्हेंट्रीला राहतात. मी पोचल्यावर तीन आठवड्यांनी नात झाली आणि दिवसांना काही आकारच उरला नाही. बाळ झोपलं की मी झोपायची, उठलं की उठायची. मे महिन्यात तर संध्याकाळ संपता संपेना. जेवण होऊन भांडी विसळून झाली तरी मागच्या बागेत सोनेरी ऊन रेंगाळत असे, आणि मी बाळाला मांडीवर घेऊन त्या उन्हाकडे बघत बसे. आयुष्यात इतकी रिकामी मी कधीच बसले नव्हते.

बारशाला माझी थोरली बहीण मालूताई कार्डिफहून आली. ती तरुणपणीच नर्स होऊन वेल्समध्ये गेली, तिथेच लग्न केलं, तिथेच निवृत्त झाली. मेव्हणे गेल्यापासून एकटी असते, मूलबाळ नाही. बारशाच्या गडबडीत आम्हाला धड बोलता आलं नाही. जाताना ती म्हणाली, "शेवटचे दहा दिवस माझ्याकडे यायचं. तेव्हा बोलू." निनादने माझं परतीचं तिकीट सतरा सप्टेंबरचं काढलं होतं, गणपतीच्या दोन दिवस आधीचं. तेव्हा सात ते सतरा ताईचे, असं ठरलं.

जुलैमध्ये ताई बागेत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. मग तिला चालायचा सराव करून घेणाऱ्या एका लहानशा रुग्णालयात हलवलं. तिथून तिचा फोन आला.

"सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोडतील म्हणतात. पण पहिले काही दिवस घरात माणूस हवं. नसेल तर केअर होम (म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था). तू आहेस ना?"

"आहे म्हणजे काय, आहेच!" मी म्हटलं.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आमची रीत. जावई विलायतेत असला म्हणून ती चुकवायची कशी? तांदूळ तीन दिवस भिजवले, वाळवले, दळले, गुळात मळले. पहिला घाणा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला. मुग्धाही हसली. पण हळूहळू जाळी पडू लागली आणि तेहतीस अनारसे एकदाचे जमले. ताटात दिवा ठेवून मी निनादला पाटावर बसवलं.

"आई, अधिक महिना म्हणजे एक्झॅक्टली काय असतं हो?" त्याने विचारलं.

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी; अशा प्रश्नाने खुलणारच. "अरे, चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान. ती तूट साठत जाते, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालतात. मग पुढचे सगळे सण लांबतात. म्हणून तर यंदा गणपती इतके उशिरा..."

आणि माझी जीभ थांबली.

होळी ते गणपती, यंदा साडेपाच महिने नव्हतेच. साडेसहा होते! आठ मार्चला मी उतरले. सहा महिने सात सप्टेंबरला संपत होते, आणि तिकीट सतराचं. निनाद दिवसभर कंप्युटरसमोर बसून सेकंदाचे भाग करतो. त्याने कॅलेंडरवरचा गणपती बघून तिकीट काढलं. मुग्धाला वाटलं, व्हिसा दोन वर्षांचा आहे ना. आणि मी? माझी मला इतकी लाज वाटली की निनादला ओवाळायचंच राहिलं. नेमके ताईचे दहा दिवस गेले होते.

पार्कात फिरायला येणारे नागपूरचे एक काका म्हणाले, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. जाताना इथे पासपोर्ट चेक करतंय कोण? खुशाल राहा." खोटं कशाला बोलू, ते ऐकून बरं वाटलं. ते दहा दिवस चोरावे असं माझ्या मनात दोन दिवस घोळत होतं.

मुग्धाने मात्र माहीतगाराला विचारायचं ठरवलं. आम्ही ट्रेनने लंडनला आणि तिथून पिनरला गेलो. पिनर म्हणजे लंडनच्या कडेचं, कुंपणाकुंपणाला गुलाब असलेलं, डुलक्या काढणारं उपनगर. तिथे तारा नावाची एक वकील मुलगी व्हिसाची कामं बघते. आजीआजोबा दादरचे, ती जन्माने इथली. तिने बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि माझा पासपोर्ट नीट पाहिला.

"काकू, व्हिसा दोन वर्ष व्हॅलिड आहे, पण एक स्टे सहा महिनेच. एक्स्टेन्शन मिळतो, पण तुमचा स्वतःचा ट्रीटमेंट चालू असेल, असं काही असेल तर. सिस्टरसाठी नाही मिळत."

"आणि दहा दिवस जास्त राहिले तर?"

"तीस दिवसच्या आत स्वतः निघून गेलात तर बॅन नाही. पण ओव्हरस्टे (मुदत उलटून राहणं) तो ओव्हरस्टे. हा व्हिसा कॅन्सल होऊ शकते. नेक्स्ट टाइम फॉर्मवर विचारतात, आणि तिथे तुम्ही खोटा बोलू शकत नाही." मग ती खाली बघून म्हणाली, "आय अॅम सॉरी, काकू. टाइमवर गेलात तर परत येऊ शकता. पण लगेच नको. जेवढे इथे राहिलात तेवढे तरी घरी राहा, मग या."

म्हणजे मार्च. परतताना ट्रेनच्या खिडकीतून कापणी झालेली पिवळी शेतं सरकत होती आणि मी मनाशी मार्च, मार्च म्हणत होते. ताई शहात्तर वर्षांची आहे. तिला मार्चपर्यंत थांब म्हणून सांगायचं कुठल्या तोंडाने?

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. ऑगस्टच्या मध्यावर मी डब्यात आठ अनारसे भरून एकटीच कार्डिफला निघाले. बर्मिंगहॅमला गाडी बदलायची होती, ती मी चुकवली आणि तासभर बाकावर बसून दोन अनारसे खाल्ले. पुढचा प्रवास मात्र विसरणार नाही. ग्लॉस्टरनंतर सेव्हर्न नदी डाव्या हाताला लागते. ओहोटी होती. मैलोन्‌मैल चकाकणारा चिखल, त्यात पाण्याच्या बारीक रेघा, आणि पलीकडचा काठ धुक्यात होता की नव्हता हे कळत नव्हतं. गाडीचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटत होता. तेवढा वेळ तरी मला कसलीच तारीख आठवली नाही.

स्टेशनवर ताईची शेजारीण ग्वेन आली होती. उंच, पांढऱ्या केसांची, मोठ्या आवाजाची. मी तिच्याकडेच उतरणार होते. तिने आधी मला एक कुच (वेल्श लोकांचं जवळ घेणं) दिलं आणि मग बॅग घेतली. माझ्या इंग्रजीचा प्रश्नच आला नाही, कारण ग्वेन मला बोलू देतच नव्हती.

ताई वॉर्डात खिडकीशी खुर्चीत बसली होती. केस बारीक कापलेले, हात वाळलेले. अनारसा तोंडात टाकून तिने डोळे मिटले. तेव्हाच मी सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "दहाच दिवस गं. कोण मोजतंय?"

"ताई, मग मला परत येऊ नाही दिलं तर?"

"मग मी जाते होममध्ये. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेले माझे किती पेशंट परत आले, विचार मला." ती खिडकीकडे तोंड करून बसली. "मार्चमध्ये तू येशील. पण मी असेन कशावरून?"

आयुष्यभर ताईने माझी बाजू घेतली, आणि तिने पहिल्यांदा काही मागितलं तेव्हा मी तिला नियम सांगत होते. ग्वेनच्या घरी जाऊन मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर ताई व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला उलटसुलट प्रश्न विचारत होती. घरी जायला काय काय यायला हवं? बिछान्यातून आपलं आपण उठणं, चहा करून घेणं आणि काठी टेकत सहा पायऱ्या चढून उतरणं, ती मुलगी म्हणाली. आज ताईला दोन येत होत्या.

"ते आलं की सोडाल?" ताईने विचारलं. "ऑगस्टअखेर?"

"आलं तर विचार करू," मुलगी हसून म्हणाली.

ताई माझ्याकडे वळली. "तुझी तारीख हलत नाही ना? मग माझी हलवते."

मी मुक्काम वाढवला. रोज दुपारी ताई सरावाच्या लाकडी पायऱ्यांपाशी उभी राहायची आणि मी खाली उभी राहून मोजायची. ती मराठीत शिव्या द्यायची, आणि मुलीने अर्थ विचारला की "प्रार्थना आहे" म्हणून सांगायची. तिसरी पायरी चार दिवस अडून बसली. एकदा ताईचा पाय लटपटला तेव्हा मी म्हटलं, पुरे, मी थांबते, होऊ दे काय व्हायचं ते. ती ओरडलीच. "गप्प बस! तुला परत यायचंय." मग पाचवी आली, सहावी आली. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी ग्वेनने आपल्या गाडीतून आम्हाला घरी आणलं.

दहाऐवजी आम्हाला सहा दिवस मिळाले. समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्याने जाग यायची. समोरच्या घरांच्या कौलांवरून ऊन हळूहळू खाली उतरायचं, ताई स्वतः चहा करायची आणि आम्ही बोलत बसायचो. आईविषयी, मेव्हण्यांविषयी, तिला न झालेल्या मुलांविषयी. मध्येच ती पेंगायची, मध्येच मी. जागं झालं की तिथूनच पुढे. सहा तारखेला दारात मी वाकून नमस्कार करायला गेले, तर तिने मला वाकूच दिलं नाही.

मुग्धा बाळाला घेऊन विमानतळावर आली होती. निनादने तिकीट बदलून सात तारखेचं केलं होतं. विमान कंपनीच्या मुलीने पासपोर्ट उघडला आणि मिटला. त्यापलीकडे कुणी शिक्का मारला नाही, किती दिवस राहिलात म्हणून विचारलंही नाही. नागपूरचे काका बरोबरच बोलले होते. मला क्षणभर फसवल्यासारखं वाटलं. पण पुढच्या व्हिसाचा फॉर्म मला खरं तेच लिहून भरता येईल.

साताऱ्याला येऊन आता महिना झाला. गणपती आले आणि गेले. माझ्या व्हिसाची मुदत मला तारखेनिशी ठाऊक आहे. ताईची कुणालाच नाही, आणि या एका गोष्टीचं मला रोज भय वाटतं. मार्चचं तिकीट काढलं त्या दिवशी मी तिला फोन केला. म्हटलं, "ताई, तोवर कुठे जायचं नाही हं."

ती म्हणाली, "मी इथली सिटिझन आहे बाई. मला कोण जा म्हणतंय?"

मी खूप हसले. मग फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले.