फुंकर

सत्तावीस वर्षं मी दुबईच्या देरा भागातल्या फर कोटांच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक आलं की कोटावर फुंकर मारायची आणि केस दुभंगले की खालची मऊ लव दाखवायची, एवढीच माझी विद्या.

परवा मुलीने कॅनडातल्या तिच्या छोट्या गावच्या म्युझियममधून व्हिडिओ कॉल केला. "बाबा, आमचं अख्खं गाव फरच्या धंद्यावर उभं राहिलंय." काचेमागे बीव्हरचं कातडं होतं, शेजारी कुणा शिकाऱ्याचे फाटके हातमोजेसुद्धा जपलेले. सवयीने मी मोबाईलवरच फुंकर मारली.

दुकान या महिन्यात बंद होतंय, माझा व्हिसाही खलास. कोटांना उकाडा सोसत नाही म्हणून मालकाने ते कालच अजमानच्या थंड गोदामात हलवले. मी कुठे जाणार, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं, तरी कुठल्या गावाला आमचं म्हणणार होतो मी?