उजव्या टोकाची छटा

"तुम्हाला ॲस्थमा आहे," बहारीनमधल्या मनामाच्या दवाखान्यात डॉक्टर काझी म्हणाले. ॲस्थमा म्हणजे दमा. श्वासनळ्या आकसतात आणि साधा श्वास घेतानाही जीव मेटाकुटीला येतो. मी मीना सलमान बंदरात जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. एक जिना चढलो तरी छाती भात्यासारखी चालायची.

काझी मूळचे रत्नागिरीचे, माझ्याशी मराठीतच बोलायचे. "औषधानं उतार पडला नाही, तर बहारीन सोडावं लागेल." म्हणजे नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळंच गुंडाळायचं.

त्यांनी पीक फ्लो मीटर दिला. फुंकर किती जोरात जाते, ते मोजणारी ही नळी. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि आकडा टिपून ठेवायचा. नुसते आकडे पुढे करणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हिस्टोग्राम काढला: जो आकडा जितक्या वेळा आला, तितका त्याचा खांब उंच. हव्या त्या भागाला छटा द्यायची सोय होती, फक्त हद्दी भरायच्या. मी सवयीने शाफ्टसाठी, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यासाठी भरतो तशा दोन्ही बाजूंच्या भरल्या. शाफ्ट बारीक निघाला तरी बाद, जाड निघाला तरी बाद. प्रिंटरने दोन्ही टोकांना तिरप्या रेघा मारल्या.

कागद बघून काझी खो खो हसले. "अहो, फुंकर जोरात गेली तर तुम्ही बाद कसे? उजवीकडचे हे तर तुमचे चांगले दिवस!" मग एकदम गंभीर झाले. "कुठले हो हे दिवस?"

आठवायला वेळ लागला नाही. ईदची सुट्टी. आम्ही सगळे झल्लाकला, समुद्रावर होतो.

"आणि कामावर तुमच्या बाजूला काय आहे?"

"स्प्रे पेंटिंगची शेड."

म्हणजे दुखणं माझ्या टेबलाला खेटूनच बसलं होतं! काझींनी रजा लिहून दिली. रजेतले खांब उजवीकडे सरकले. या वेळी फक्त त्यांनाच छटा दिली आणि कागद आमच्या बहारीनी मॅनेजरपुढे ठेवला. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं.

"खलास! पेंट के पास मफी काम. कल से गोदाम का ऑफिस." मफी म्हणजे नाही, बंद.

दमा पुरता गेलेला नाही, औषधाचा पंप खिशात असतो. तुम्हालाही दम लागत असेल, तर डॉक्टरांना वाईट दिवस सांगालच. चांगलेही सांगा, आणि तेव्हा कुठे होतात तेही. काझींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मागच्या शुक्रवारी झल्लाकच्या वाळूत लेकीने शर्यत लावली. थोड्या वेळाने मागून तिची धापा टाकत हाक आली, "पपा, वेट फॉर मी!"

मी मुळीच थांबलो नाही.